गाभा बदलला की वाचा बसते

संगणक ‘अद्ययावत’ झाला असे आपण म्हणतो, तेव्हा तो कोणासाठी अद्ययावत झाला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. डोळस माणसाला अशा बदलाचा त्रास झालाच तर फार तर एवढा, की डावीकडचे एखादे चिन्ह उजवीकडे गेले. पण जो माणूस पडदा डोळ्यांनी नव्हे तर कानांनी वाचतो, त्याचे यंत्र एखाद्या सकाळी साफ मुके होते. यंत्र चालू असते, आतला पंखा फिरत असतो, कळफलक जागच्या जागी असतो. फक्त बोलणे थांबलेले असते. ह्या मुकेपणाला आजवर ‘तांत्रिक अडचण’ असे सौम्य नाव देण्यात आले आहे. आमचे म्हणणे असे, की ही तांत्रिक अडचण नसून जबाबदारीची चुकीची वाटणी आहे. बदल करणाऱ्याने बदल करून मोकळे व्हावे आणि गेलेली वाचा परत आणण्याची यातायात दृष्टिहीनाने करावी, अशी ती वाटणी आहे. तिच्याविरुद्ध आम्हांला येथे बोलावयाचे आहे.

विषय थोडा अपरिचित असल्यामुळे प्रथम दोन शब्दांचा खुलासा केला पाहिजे. संगणकाची सर्व यंत्रसामग्री ज्या मूळ आज्ञावलीच्या ताब्यात असते तिला ‘कर्नेल’ म्हणतात. आपण तिला गाभा म्हणू. कळ दाबली, अक्षर उमटले, आवाज निघाला, ह्यांपैकी काहीही गाभ्याला वगळून होत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली म्हणजे ‘स्क्रीन रीडर’. हा वाचक एकटा काम करीत नाही. तो मजकूर उचलतो, उच्चार तयार करणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीकडे देतो, ती तो ध्वनियंत्रणेकडे सोपविते आणि शेवटी ध्वनिपट्टिकेचा चालक तो कानापर्यंत पोचवितो. साखळीतील एक कडी निखळली तरी परिणाम एकच, तो म्हणजे शांतता.

ह्या शांततेचे वैशिष्ट्य डोळसांच्या ध्यानात येत नाही. आपले यंत्र बिघडले तर पडद्यावर सूचना येते. ती वाचून आपण कोणाला तरी दूरध्वनी करतो. दृष्टिहीनाचे यंत्र बिघडते तेव्हाही सूचना येतेच, पण ती वाचून दाखविणाराच गप्प झालेला असतो. लिनक्स ह्या कार्यप्रणालीत नवा गाभा नीट चालला नाही तर आरंभीच्या यादीतून जुना गाभा निवडण्याची उत्तम सोय असते. परंतु ती यादी दाखविणारी आज्ञावली बोलत नाही. फार तर एखादी शीळ वाजविते. म्हणजे यादीत कोणते नाव कितव्या ओळीत आहे हे पाठ असेल, तर खालच्या बाणाची कळ मोजून दाबावयाची आणि नशिबावर हवाला ठेवावयाचा. उपाय आहे, पण ज्याला तो सर्वांत अधिक हवा त्याच्याच हाती तो लागत नाही.

ही परिस्थिती कशी निर्माण झाली आणि कशी सुधारली, ह्याचा एक लेखी, उघड इतिहास उपलब्ध आहे. ‘स्पीकअप’ हे त्या वाचकाचे नाव. कर्क राइझर ह्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस तो लिनक्ससाठी सुरू केला. त्याची खुबी अशी, की तो गाभ्याच्या आत बसतो. त्यामुळे यंत्र सुरू होत असतानाच, इतर कोणतीही आज्ञावली जागी होण्यापूर्वी, तो बोलू शकतो; आणि इतर सर्व कोसळले तरी बोलत राहण्याची शक्यता असते. पण बसण्याची जागा आत असली तरी त्याला घरचा मानलेले नव्हते. लिनक्सच्या अधिकृत गाभ्यात त्याचा समावेश नव्हता. तो ठिगळासारखा बाहेरून जोडावा लागे. लिनक्सच्या गाभ्याची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते. म्हणजे वर्षातून पाच-सहा वेळा आतली रचना हलणार आणि दर वेळी हे ठिगळ नव्याने बेतावे लागणार. स्लॅकवेअरसारख्या काही वितरकांनी स्पीकअप घातलेला वेगळा गाभाच पुरविला, हे त्यांचे उपकार. इतरांच्या नशिबी, जुन्या आवृत्तीवर राहून सुरक्षेतील त्रुटी सहन करणे किंवा नवी आवृत्ती घेऊन मुके होणे, असे दोनच पर्याय होते.

येथे लिनक्सचा एक नियम समजून घेतला पाहिजे, कारण सगळा वाद त्यावर येऊन ठेपतो. लिनस टोरवाल्ड्स ह्यांचा दंडक असा, की गाभ्यातील बदलामुळे वापरकर्त्याची चालती आज्ञावली बंद पडता कामा नये. हा दंडक ते अत्यंत कडकपणे पाळावयास लावतात. परंतु गाभ्याच्या आतल्या व्यवहाराला मात्र असे कोणतेही अभय नाही. आतली जोडणी केव्हाही बदलेल. ती स्थिर का ठेवीत नाही ह्याचे समर्थन करणारे एक टिपणच ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्यांनी लिहून ठेवले आहे. त्यातील युक्तिवाद आम्हांला मान्य आहे. जो आतली जोडणी बदलतो, त्यानेच अधिकृत गाभ्यात तिचा वापर करणाऱ्या प्रत्येकाची दुरुस्तीही करून द्यावयाची असते. नगरपालिकेत रस्ता खोदण्याचा परवाना देताना जी अट घालतात तीच ही: खोदणाऱ्याने बुजवावे.

दोन्ही नियम आपापल्या जागी न्याय्य आहेत. अन्याय झाला तो दोहोंच्या सांध्यावर. स्पीकअप स्वभावाने वापरकर्त्याची गरज होता, पण वास्तव्याने गाभ्याच्या आतला. म्हणून पहिल्या नियमाचे अभय त्याला मिळाले नाही. आणि तो आतला असूनही अधिकृत नव्हता. म्हणून खोदणाऱ्याने बुजवावे ह्या दुसऱ्या नियमाचाही लाभ त्याला नव्हता. दोन राज्यांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला ही अवस्था अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

२०१० च्या अखेरीस स्पीकअपला अधिकृत गाभ्यात प्रवेश मिळाला. जानेवारी २०११ मध्ये निघालेल्या २.६.३७ ह्या आवृत्तीत तो आला. पण कोठे? ‘स्टेजिंग’ नावाच्या ओसरीवर. अर्धवट वाटणाऱ्या चालकांना तेथे बसवितात, सुधारणांची यादी हाती देतात, आणि प्रगती दिसली नाही तर बाहेरही काढतात. ओसरीवरची कोणतीही आज्ञावली सुरू झाली की यंत्राच्या नोंदवहीत अशा अर्थाची ओळ उमटते, की हिच्या दर्जाची खात्री नाही, सावध राहा. एवढेच नव्हे, तर गाभ्यावर ‘डाग’ लागल्याची खूणही होते आणि त्या खुणेला आतल्या भाषेत चक्क कचरा अशा अर्थाचे नाव आहे. जो आवाज एखाद्या माणसाचे डोळे आहे, त्यावर हा शिक्का जवळजवळ दहा वर्षे राहिला.

ह्यात सर्व दोष ओसरीवर बसविणाऱ्यांचा होता असे आम्ही म्हणत नाही. स्पीकअपमध्ये खरोखरच उणिवा होत्या. बोलके यंत्र जोडण्याच्या जुन्या दाराशी तो गाभ्याच्या रीतीला बगल देऊन थेट व्यवहार करी. त्यामुळे नव्या यूएसबी जोडण्यांवर चालणारी यंत्रे त्याला वापरता येत नसत. २०१७ मध्ये ओकाश खवाजा ह्यांनी हा व्यवहार गाभ्याच्या रीतसर मार्गाने वळविला. सॅम्युएल तिबो आणि इतर सांभाळकर्त्यांनी उरलेल्या गोष्टी नीट लावल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये निघालेल्या ५.९ ह्या आवृत्तीत स्पीकअप ओसरीवरून उठून ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाच्या स्वतःच्या खोलीत गेला. काम अशक्य नव्हते हेच त्यावरून सिद्ध होते. ते कोणाच्या कामाच्या यादीत वरच्या क्रमांकावर नव्हते, म्हणून दहा वर्षे लागली.

आता प्रतिपक्षाचे ऐकून घेऊ. पहिला आक्षेप सुरक्षेचा. गाभ्यात जितका मजकूर अधिक तितकी छिद्रे अधिक, असे म्हणतात, आणि ते खोटे नाही. २०२० च्या अखेरीस स्पीकअपच्याच ह्या नव्या मार्गात यंत्र बंद पाडू शकणारे दोष सापडले. परंतु ते सापडले, त्यांची जाहीर नोंद झाली आणि ते दुरुस्त झाले, कारण तोपर्यंत हा वाचक घरचा झाला होता. परका असता तर दोष तसेच राहिले असते आणि जोखीम एकट्या दृष्टिहीनाने सोसली असती. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे विंडोजवरील संगणक जगभर बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार त्यांची संख्या सुमारे ८५ लाख होती. तेव्हापासून परक्यांना गाभ्यात घेऊच नये, हा विचार बळावला आहे. आमची त्याला हरकत नाही. मात्र आतला मार्ग बंद करण्यापूर्वी बाहेरून वाचण्याचे पक्के, कायमचे दार बांधून द्यावे. आधी भिंत घालावयाची आणि दाराचा विचार मागाहून करावयाचा, हा क्रम आम्हांला मान्य नाही.

असे दार बांधता येते ह्याचाही दाखला आहे. ब्रेल पट्टीवर पडदा वाचून दाखविणारी ‘बीआरएलटीटीवाय’ ही आज्ञावली गाभ्याच्या बाहेर राहून काम करते; गाभ्याने दिलेल्या एका ठरलेल्या झरोक्यातून ती पडद्यावरील अक्षरे पाहते. मात्र त्या झरोक्यातून पूर्वी खरी अक्षरे दिसत नसत. टंकातील आकृतींचे क्रमांक तेवढे दिसत, आणि ह्या आकृती २५६ किंवा फार तर ५१२. जो वर्ण त्या संचात नाही, त्याची ओळखच पुसली जाई. २०१८ मध्ये, ४.१९ ह्या आवृत्तीत, निकोलस पित्र ह्यांनी युनिकोड अक्षरे जशीच्या तशी देणारा नवा झरोका बसविला. जुना त्यांनी मोडला नाही. जुन्यावर चालणारे चालत राहिले आणि नव्याला वाट मिळाली. पित्र हे स्वतः बीआरएलटीटीवायच्या कर्त्यांपैकी एक आहेत आणि गाभ्याच्या कामातही जुने जाणते. आत काय बदलते आणि बाहेर कोणाला काय लागते, ही दोन्ही माहिती एकाच डोक्यात होती. म्हणून हा बदल कोणाची वाचा न घालविता झाला.

तेव्हा प्रामाणिक मार्ग दोनच आहेत. वाचकाला घरात घ्या आणि घरच्याचे सर्व हक्क द्या. किंवा त्याला बाहेर ठेवा आणि न मोडणारे दार द्या. आत बसावयाचे पण हक्क नाही, बाहेर राहावयाचे पण दार नाही, हा तिसरा मार्ग म्हणजे केवळ टाळाटाळ होय. दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी चालतो तो तिसराच.

दुसरा आक्षेप असा, की अक्षरांचा तो काळा पडदा आता वापरतो कोण. सगळे चित्रमय झाले आहे. वस्तुतः यंत्रात कार्यप्रणाली भरताना, ती बिघडल्यावर सावरताना आणि मोठ्या सर्व्हरची देखभाल करताना तोच पडदा समोर असतो. दृष्टिहीनाने संगणक केवळ वापरावा, सांभाळू नये, असे ज्यांना वाटते त्यांनी ते स्पष्ट म्हणावे. शिवाय चित्रमय पडद्यावरची कथाही निराळी नाही. लिनक्सवरील ‘ऑर्का’ हा वाचक सन मायक्रोसिस्टिम्सच्या आश्रयाने वाढला. २०१० मध्ये ती कंपनी ओरॅकलकडे गेली आणि ऑर्काचे प्रमुख विली वॉकर ह्यांची नोकरी गेली. पुढे जोनमेरी डिग्ज ह्यांनी ते काम उचलले म्हणून तो जगला. पडदा रेखाटण्याची जुनी पद्धत जाऊन ‘वेलँड’ ही नवी पद्धत आली. फेडोराने २०१६ मध्ये ती मुख्य म्हणून स्वीकारली. पण नव्या पद्धतीत ऑर्काच्या खास कळा पूर्वीप्रमाणे चालाव्यात, हा प्रश्न मार्च २०२५ मधील ग्नोम ४८ ह्या आवृत्तीपर्यंत रेंगाळला. डोळसांच्या कळा चालत नसत्या, तर ती पद्धत एक दिवस तरी मुख्य म्हणून राहिली असती काय?

तिसरा आक्षेप संख्येचा: असे लोक असतात किती? २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिदोष असलेल्यांची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली. पण खरे उत्तर आकड्यात नाही. ज्यांच्या घरी साठी-सत्तरीची माणसे आहेत आणि काचबिंदू, मधुमेह ही नावे परिचयाची आहेत, त्यांना हा वर्ग आपल्यापासून किती दूर आहे हे आम्ही सांगावयास नको.

इच्छा असली म्हणजे काय होते, तेही पाहू. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालविलेली लिनक्सची वितरणसंस्था आहे. तिच्या स्थापनेच्या आरंभीच्या पडद्यावर ‘एस’ ही कळ दाबून एंटर केले, की पुढची सर्व स्थापना बोलत होते. मराठी उच्चारांसह अनेक भाषा बोलणारी ‘ईस्पीक एनजी’ ही आज्ञावलीही त्यांच्या भांडारात आहे. परंतु नव्या संगणकांत ध्वनीसाठी लागणारी काही आज्ञावली मुक्त परवान्याची नसल्यामुळे तत्त्वाला धरून ती स्थापनासंचात घेतली जात नसे. म्हणजे तत्त्व शाबूत आणि दृष्टिहीन मुका. २०२२ मध्ये संस्थेने मतदान घेऊन ती संचात घेण्याचे ठरविले, आणि जून २०२३ च्या डेबियन १२ पासून तसे झाले. ह्या चर्चेत दृष्टिहीनांना लागणाऱ्या आवाजाचा मुद्दा स्पष्टपणे मांडला गेला होता. वेतन न घेणारी माणसे आपले लाडके तत्त्व एक पाऊल मागे घेऊ शकतात. मग वेतन घेणाऱ्यांना काय अडचण आहे?

हा प्रश्न आम्ही आपल्याकडील शासनालाही विचारतो, कारण शासनाच्या सेवेतच आमचे आयुष्य गेले. कायदे पुष्कळ आहेत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. त्याखालील २०१७ च्या नियमांतील सुगम्यतेचा १५ वा नियम केवळ शिफारशीसारखा आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुडी प्रकरणात बंधनकारक किमान निकष ठरविण्याचा आदेश दिला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला. पण कार्यालयात ह्या सर्वांचे रूपांतर होते ते खरेदीच्या दिवशी जोडावयाच्या एका प्रमाणपत्रात. त्या दिवशी यंत्र बोलते. सहा महिन्यांनी देखभालीचा कंत्राटदार येऊन सर्व संगणकांना एकाच फटक्यात नवी आवृत्ती देतो, त्यानंतर ते बोलते की नाही हे पाहणे कोणाच्याच कर्तव्यसूचीत नसते. अशाच एका प्रसंगी एका कार्यालयातील दृष्टिहीन लिपिकाचे यंत्र मुके झाले, तेव्हा त्याच्या अर्जावर ‘अर्जदाराने पर्यायी व्यवस्था करून घ्यावी’ असा शेरा आम्ही पाहिला आहे. रस्ता खोदला कंत्राटदाराने आणि बुजविण्यास सांगितले वाटसरूला!

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. देखभालीच्या प्रत्येक करारात असे कलम असावे, की नवी आवृत्ती देण्यापूर्वी ती बोलक्या यंत्रावर, स्वतः स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून आणि त्या व्यक्तीला मोबदला देऊन, तपासली जाईल. वाचा गेली तर तो किरकोळ दोष न मानता यंत्र बंद पडल्याइतकाच गंभीर दोष मानला जावा आणि दुरुस्तीची मुदतही तीच असावी. जुन्या आवृत्तीकडे परतण्याची वाट डोळ्यांशिवाय चालता येईल अशी असावी. आणि सी-डॅकने २००७ पासून आणलेली ‘बॉस’ ही कार्यप्रणाली डेबियनच्याच पायावर उभी असल्यामुळे, येथे सार्वजनिक पैशांतून झालेली प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रकल्पाकडे परत पाठविली जावी; म्हणजे पुढच्या आवृत्तीत तेच ठिगळ पुन्हा बेतावे लागणार नाही.

आपल्या मंडळांकडेही थोडे काम आहे. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या ग्रंथालयांत आता संगणक आले आहेत. त्यांपैकी एक तरी बोलका ठेवावा, आणि त्याला नवी आवृत्ती देण्याचा दिवस ज्येष्ठ वाचकांना विचारून ठरवावा. जुन्या खासगी टंकांत जुळविलेला मराठी मजकूर स्क्रीन रीडरला निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. म्हणून आपली प्रकाशने युनिकोडमध्येच साठवावीत. गाभा कितीही सुधारला तरी त्याच्या हाती खरी अक्षरे असल्याशिवाय तो वाचणार काय?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या, तेव्हा आपल्यापैकी अनेकांच्या वडीलधाऱ्यांनी एका रात्रीत कार्यालयाची भाषा बदललेली पाहिली. माणसे तीच, घरे तीच, पण खिडकीपलीकडचा माणूस समजेल असे बोलेनासा झाला. बदल नकोच, असे त्यांचे म्हणणे नव्हते. बदलताना आम्हांलाही मोजा, एवढेच होते. आज दृष्टिहीनांचे म्हणणे अक्षरशः तेच आहे. गाभा जरूर बदलावा. तो बदलला नाही तर सडेल. पण बदलणाऱ्याने हात झाडण्यापूर्वी यंत्र अजून बोलते आहे ना, हे ऐकून घ्यावे. ऐकावयास दोन मिनिटे लागतात. न ऐकल्यामुळे स्पीकअपची दहा वर्षे गेली.